बदामी

"वरून या रे, वरून! ओघळ पुसत पुसत खाली या," बांधकाम विभागाचा मुकादम ओरडत होता, आणि परांचीवर चढलेली माणसं सगुणच्या शिल्पावर बदामी रंग फासत होती.

मी भाजी आणायला निघाले होते. पिशवी हातात तशीच राहिली. सर्वांत वरची जांभळी चकती तोवर पार नाहीशी झाली होती आणि तिच्याखालची पिवळी अर्धी उरली होती. विद्यापीठाच्या मुख्य फाटकासमोरच्या चौकात ते शिल्प उभं होतं, दोन मजल्यांएवढं उंच. दुसऱ्या दिवशी त्याचं उद्घाटन होतं. सगुण, म्हणजे माझा नवरा, आपल्या आईला आणायला सावंतवाडीला गेला होता आणि संध्याकाळच्या एस.टी.नं तिला घेऊन परतणार होता.

"कुणी सांगितलं हे करायला?" मी मुकादमाला विचारलं.

"ऑफिसातनं ऑर्डर आहे, बाई. आम्ही काय, हुकमाचे ताबेदार."

"आणि हा रंग कुणी ठरवला?"

"आपला नेहमीचाच की. होस्टेलला मारून उरला होता."

ते मात्र खरं होतं. आमच्या विद्यापीठात सगळंच बदामी होतं. वसतिगृहं बदामी, ग्रंथालय बदामी, दवाखाना बदामी, पाण्याची टाकीसुद्धा बदामी. एखादा माणूस फार वेळ एका जागी उभा राहिला तर हे लोक त्यालाही बदामी करतील, असं सगुण म्हणायचा. मी त्यावर नेहमी हसायचे.

मी तशीच तरातरा कुलसचिवांच्या कार्यालयात गेले. कुलसचिव वाटवे तसे सज्जन गृहस्थ. मला बघून ते खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

"वहिनी, माझा नाइलाज झाला," ते म्हणाले. "उद्या पाहुणे यायचेत. आज सकाळी पुन्हा दोन निवेदनं आली. एक म्हणतं, आमचा रंग खाली का. दुसरं म्हणतं, त्यांचा रंग आमच्या डोक्यावर का. उद्या फाटकावर काळे झेंडे नकोत, एवढंच वरून मला सांगितलंय."

"मग उद्घाटन पुढं ढकलायचं."

"निमंत्रणं गेलीत."

"सगुणला निदान विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर त्यांनी होकार दिला असता का?"

तो नाहीच म्हणाला असता. म्हणूनच तो गावाला गेल्याचा मुहूर्त साधला होता. मी म्हटलं, "वाटवेसाहेब, त्याची आई येतेय उद्या बघायला. तिची नजर जात चाललीय. हे तुम्हाला माहीत होतं."

वाटवे पेपरवेट गोल फिरवत बसले. "माहीत होतं," ते म्हणाले.

सगुण चितारी हा माणूस मुळात खेळण्यांच्या घरातला. सावंतवाडीला त्यांच्या घरी लाकडी खेळणी होत. वडील दोरी ओढून लाकूड फिरवायचे आणि फिरत्या लाकडावर आई लाखेची रंगीत कांडी टेकवायची. लाकडाच्या फिरण्यानं लाख तापून वितळायची आणि बघता बघता लाकूड तांबडं किंवा हिरवं होऊन जायचं. सगुण सांगायचा, की लहानपणी त्याला वाटे, रंग आयेच्या बोटांतूनच येतो. आईला तो आये म्हणायचा. पुढं तो मुंबईला कलाशाळेत शिकला, आमच्या विद्यापीठात चित्रकला शिकवायला लागला, माझ्याशी लग्न केलं. नवऱ्याला मी नावानं हाक मारते हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "बरा झाला. नायतर तेचा नाव आम्ही कोणासाठी ठेवला होता?"

विद्यापीठाच्या रौप्यमहोत्सवासाठी शिल्प करायचं ठरलं आणि काम सगुणकडं आलं. त्यानं पुतळा केला नाही. लहान मुलांचं एक खेळणं असतं बघा, उभ्या दांड्यात ओवलेल्या रंगीत चकत्या, खाली मोठ्या आणि वर लहान होत गेलेल्या. तेच त्यानं करायचं ठरवलं, फक्त एवढं मोठं की माणसानं खाली उभं राहून मान वर करावी. आत लोखंड, वर फायबर, आणि रंग मात्र आयेच्या लाखेचे, तसेच झळझळीत.

याच सुमारास आईंना, म्हणजे सासूबाईंना, काचबिंदू असल्याचं निघालं. फार उशिरा निघालं. डॉक्टरांनी सगुणला बाजूला घेऊन सांगितलं, की जेवढी नजर गेली ती परत येणार नाही, आणि उरलीय ती किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. कडेचं सगळं काळं झालं होतं, मधे एक लहानसं गोल तेवढं उरलं होतं. उपचारांसाठी त्या आमच्याकडं राहिल्या होत्या तेव्हा सगुण रोज संध्याकाळी रंगवलेला फायबरचा तुकडा घेऊन घरी यायचा आणि त्यांच्या डोळ्यांसमोर बरोबर त्या गोलात धरायचा.

"ह्यो तांबडो नाय रे मेल्या. ह्यो इटकरी."

"आणि ह्यो?"

"ह्यो जवळ इलो. वायच पिवळो घाल."

असं करत त्या दोघांनी मिळून सगळे रंग ठरवले, त्यांचा क्रम ठरवला. खाली तांबडा, मग पिवळा, हिरवा, निळा, जांभळा आणि वर नारिंगी. दिवे लागायच्या वेळी दोघं ओसरीत डोक्याला डोकं लावून बसलेली असत आणि मी आतून भाकरी थापता थापता त्यांचं भांडण ऐके. आई गावी परत गेल्या तेव्हा सगुण मला म्हणाला, "कुंदा, तिची नजर आहे तोवर हे उभं राहायला हवं. मग बाकी काही झालं तरी चालेल."

बाकीचं व्हायला फार वेळ लागला नाही. शिल्प उभं राहायच्या आधीच, चकत्या कार्यशाळेत पडून होत्या तेव्हाच, कुणीतरी नारिंगीला भगवा म्हटलं. मग निळा त्याच्या खाली का, म्हणून निवेदन आलं. सगुणनं निळा वर नेला. मग दुसरा मोर्चा आला. हिरवा कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली यावर तर वर्तमानपत्रात पत्रं छापून आली. आपल्याकडं माणसाला खेळण्यातला हिरवा म्हणजे नुसता हिरवा दिसतच नाही. सगुणनं दोनदा चकत्या खरवडून रंगवल्या. शेवटी त्यानं जांभळा सगळ्यांच्या वर चढवला, कारण जांभळ्या रंगाचा अजून कुठला पक्ष निघालेला नव्हता. त्यानं वर कोण हा प्रश्न मिटला आणि तळाला कोण हा सुरू झाला. तेव्हा मात्र सगुण म्हणाला, "आता हात लावणार नाही." यातलं अक्षरही त्यानं आईला कळवलं नाही. गावच्या वाण्याकडं फोन करून तो त्यांना निरोप द्यायचा, की सगळं आपण ठरवलं तसंच चाललंय.

संध्याकाळी मी स्टँडवर गेले. गाडी आली. सगुण आधी उतरला आणि आईंना हात धरून त्यानं उतरवलं. एका हातात त्यांची पिशवी. तिच्यात आमसुलं, कुळथाचं पीठ आणि मुलाच्या कार्यक्रमात नेसायचं नवं लुगडं.

आईंनी माझं मनगट धरलं. "बारीक झालंस गो कुंदा. जेवतंस काय नाय?"

"जेवते हो आई."

"सगुणान सांगल्यान, दोन माळ्यांएवढा उंच आसा म्हणान. उद्या माका सगळ्यांच्या फुडे उभी कर हां. मागे माका काय दिसाचा नाय."

सगुण हसत होता. इतका खुशीत मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मी म्हटलं, "आई, तुम्ही जरा या बाकावर बसा. आम्ही रिक्षा बघतो." आणि त्याला चहाच्या टपरीमागं नेऊन सांगितलं. असल्या गोष्टी गोड करून सांगता येत नाहीत. मी सरळच सांगितलं.

त्यानं आधी विचारलं, "सगळं?"

"मी निघाले तेव्हा तांबडी चकती राहिली होती. आता तीही झाली असेल."

टपरीवाल्यानं चहा पुढं केला तो त्यानं घेतला आणि तसाच परत ठेवला.

"उद्या मी शाल घेणार नाही," तो म्हणाला. "माईकवर जाऊन सगळ्यांसमोर सांगणार. पाहुण्यांच्या तोंडावर सांगणार."

"सांग."

"आणि आयेक काय सांगू?" माझ्याशी तो असा मालवणीत कधी बोलत नसे. "कुंदा, आयेक मी काय सांगू?"

बाकावर आई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि येणाऱ्या गाडीचा आवाज आला की तिकडं मान वळवत होत्या. त्यांना तसंच्या तसं परत गाडीत बसवावं, असंसुद्धा एक क्षण माझ्या मनात आलं.

त्या रात्री कुणी काही सांगितलं नाही. सकाळी मी उठले तेव्हा सगुण घरात नव्हता. थोड्या वेळानं आला. त्याच्या नखांत बदामी रंग भरला होता. दोन बोटं सोलली होती.

"निघत नाही," तो म्हणाला. "खालचाही रंग निघून येतो त्याच्याबरोबर."

आई तोवर नवं लुगडं नेसून, केस विंचरून तयार होत्या. "चला," त्या म्हणाल्या. "उशीर झालो तर मागे उभा रवूचा लागात."

चौकात मांडव घातला होता. खुर्च्या, सतरंज्या, बँड, सगळं होतं. निवेदनं देणारी मुलंही आली होती आणि आज कुणालाच काही तक्रार नव्हती. रंगच नव्हता म्हटल्यावर भांडणार कशावर? त्या सगळ्याच्या मधे ते बदामी धूड उभं होतं. फायबरला नुसता भिंतीचा रंग दिल्यामुळं त्यावर चमकही नव्हती. ऊन पडलं होतं तरी ते ओलं आणि मळकट दिसत होतं. वाटवे आम्हाला बघून पुढं आले, आईंना नमस्कार केला आणि लगेच दुसरीकडं गेले.

सगुणनं आईंचा हात धरला होता. माझ्या बाजूनं मी त्यांचं दुसरं कोपर धरलं होतं. आम्ही त्यांना अगदी चौथऱ्यापर्यंत नेलं. खालच्या चकतीला हात लागेल इतकं जवळ.

"इलो काय रे?" आईंनी विचारलं.

"होय, आये," सगुण म्हणाला. "आये, माका तुका एक सांगूचा आसा..."

तो तिथंच अडखळला. मी त्याच्याकडं पाहिलंच नाही. मला ते बघवलं नसतं. आईंनी मान वर केली. अगदी सावकाश, खालून वर, मग थोडं डावीकडं, मग उजवीकडं.

"ह्यो तांबडो," आई म्हणाल्या. "बेस बसलो हा."

सगुणनं चमकून त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"तेच्यार पिवळो. मगे हिरवो. आणि निळो बघ रे कसो चकाकता! जांभळो. आणि वर नारिंगी." त्यांनी हात उंच करून त्या दिशेला बोट दाखवलं. "सगळे तसेच ठेवलंस. माका वाटला, कोणाचा तरी ऐकान बदलतलंस."

इतकी माणसं होती तिथं, पण कुणी हूं की चूं केलं नाही. वाटवे मांडवाच्या खांबाशी उभे होते, त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. सगुणचे ओठ हलत होते. मला वाटलं, तो आता मोठ्यानं काहीतरी बोलणार.

"होय, आये," तो म्हणाला. "तसेच ठेवलंय."

मग तो कार्यक्रम झाला. पाहुणे बोलले. विविधतेतल्या एकतेवर बोलले. सगुणचं नाव पुकारलं तेव्हा तो उठला, मुकाट्यानं शाल आणि नारळ घेतला आणि परत येऊन आईशेजारी बसला. माईककडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. आईंनी नारळ हातात घेऊन हलवून पाहिला आणि त्या म्हणाल्या, "पाणी आसा हेच्यात."

घरी आल्यावर तो मागच्या अंगणात पायरीवर बसून राहिला. खांद्यावर शाल तशीच. मी जाऊन शेजारी बसले.

"गेली गं तिची नजर," तो म्हणाला. "पुरती गेलीय. कधी गेली कुणाला ठाऊक. काल स्टँडवर ती तुझं मनगट धरून म्हणाली, बारीक झालीस. बघून नाही म्हणाली. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. मला वाईट वाटू नये म्हणून दिसतंय असं दाखवते ती."

मी रडायला लागले. तो रडला नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "एका अर्थी सुटलो मी. तिनं तो बदामी पाहिला नाही. तिच्या डोळ्यांपुढं आमचे रंगच आहेत. आता ते कुणाला खरवडता येणार नाहीत."

एवढंच त्याच्या हाती राहिलं होतं, आणि त्यावर तो उठून जेवला.

दोनतीन दिवसांनी, सगुण कामावर गेल्यावर, मी भाजी चिरत होते आणि आई दाराशी उजेडात सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना काहीतरी हातात लागायचं, म्हणून मीच सूप दिलं होतं. मुळात तांदूळ मी एकदा निवडलेलेच होते. सहज माझं लक्ष गेलं. त्यांनी मान तिरपी केली, सूप थोडं जवळ घेतलं, आणि दोन बोटांनी एक बारीकसा काळा खडा नेमका उचलून बाहेर टाकला. थोड्या वेळानं आणखी एक.

विळी माझ्या हातून बाजूला सरली. "आई!"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सरळ माझ्याकडं. मग सूप खाली ठेवलं.

"कुंदा, तो पेजेसारखो रंग कोणी लावल्यानी गो तेका?"

"तुम्हाला दिसतं?"

"दिसता. वायच दिसता. नळीतसून बघल्यासारखा, पण दिसता."

"मग तुम्ही तिथं... ते तांबडा, पिवळा..."

"मगे काय करू?" त्या म्हणाल्या. "तेचो हात माझ्या हातात होतो. 'सांगूचा आसा' म्हणालो आणि फुडे तोंडातसून शब्द येय ना. ता तेका माझ्याफुडे बोलूचा लागला असता, इतक्या माणसांत. माका ता नको होता. तोंडात इला, ता मी बोललंय."

"पण आता त्याला वाटतंय, तुम्हाला काहीच दिसत नाही."

"वाटांदे."

"आई, असं कसं? मी सांगते त्याला. दिसतंय म्हटल्यावर किती आनंद होईल त्याला."

"आणि मगे?" आईंनी विचारलं. "मगे तेका कळतला, आयेन ता बघल्यान. बघान खोटा बोलली. जल्मभर तेच्या मनात ताच रवतला." त्यांनी माझा हात धरला. लाखेच्या कांडीनं घट्टे पडलेली त्यांची बोटं अजून तशीच खरखरीत होती. "नजर जावचीच आसा गो. आज नाय तर उद्या. वायच आधी गेली म्हणान समजांदे. तुका माझी शपथ आसा."

मी शपथ पाळली. सगुण गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्याला ठाऊक नव्हतं.

सगुणचे वडील कधीच गेले होते, आणि आंधळ्या आईला एकटीनं गावी राहू द्यायला सगुण तयार नव्हता. त्या आमच्याकडंच राहिल्या, आणि घरात तो असला की त्यांना आंधळं व्हावं लागे. समोर दिसणारी कपबशी चाचपडत शोधायची. उंबरा दिसत असूनही त्याच्या हाताची वाट बघायची. त्यांना हे बरं जमतही नसे. एकदा ताटातली मिरची त्यांनी पटकन बाजूला केली आणि मी घाईघाईनं म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्यांना, डावीकडं मिरची आहे म्हणून." सगुणला संशय आला नाही. नजर उरलेली असून कुणी आंधळं होऊन राहील, हे त्याच्या ध्यानीमनी कशाला येणार?

तो रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसायचा. पूर्वीसारखंच. पण आता हातात काही नसायचं. विद्यार्थ्यांची चित्रं आली तर ती तो मला दाखवायचा. आईंना तोंडी सांगायचा, "आये, एका पोरान घोडो काढलोहा," आणि कागद घडी घालून ठेवायचा. त्या "व्हय?" म्हणायच्या. तो दुसरीकडं बघत असला की त्यांची मान हळूच त्या कागदाकडं वळायची. एवढंसं गोल शिल्लक होतं त्यांच्यापाशी, त्यात एक चित्र मावलं असतं. मला ते बघून फार वाईट वाटे. पण चित्र त्यांच्यापुढं धरायला मला काही कारण सापडत नसे.

मग तो रडू लागला.

माझ्यासमोर तो कधी रडला नव्हता. त्या दिवशी पायरीवरसुद्धा नाही. मी समोर असले की तो विनोद करायचा. पण आईसमोर, तिला दिसत नाही म्हणून, तो मोकळा व्हायचा. फाटकातून रोज कामावर जायचं, रोज त्या बदामी खांबाला वळसा घालायचा, आणि संध्याकाळी इथं येऊन बसायचं. बोलणं नेहमीसारखं चाललेलं असायचं, आज कोण भेटलं, काय शिकवलं, आणि गालावरून पाणी वाहत असायचं. आवाजात कुठं काही नाही. आवाज तो सांभाळायचा, कारण तेवढंच तिला कळेल असं त्याला वाटे. तोंड सांभाळायची त्याला गरज नव्हती.

मी पहिल्यांदा हे पाहिलं ते दारातून, पाठमोऱ्या आईंच्या खांद्यावरून. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. त्यांचा उजवा हात तेवढा दिसत होता. तो मांडीवरून उचलला गेला, सगुणच्या तोंडाच्या दिशेनं थोडा पुढं गेला, आणि मधेच थांबला. मग त्यांनी तो खाली आणला आणि लुगड्याचा काठ मुठीत घट्ट धरला.

"आसस मां रे थय?" त्यांनी विचारलं.

"आसंय, आये," सगुण म्हणाला आणि बाहीनं तोंड पुसलं.

हे असं रोज नाही, पण पुष्कळदा व्हायचं. माझ्या मनात कितीदा यायचं, की शपथ गेली खड्ड्यात, आत जावं आणि दोघांना सांगून टाकावं, की अरे, ती बघतेय, तिला पुसू दे तुझे डोळे. मी दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. ती त्यांची गोष्ट होती. माझ्या हातात नव्हती.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी मी त्यांना चहा दिला. त्यांनी हात पुढं केला तो कपाच्या बराच बाजूला पडला. सगुण घरात नव्हता, नाटक करायचं काही कारण नव्हतं. मी बघत राहिले. त्यांनी पुन्हा चाचपलं. मी कप त्यांच्या हातात दिला.

"गेली गो कुंदा," त्या म्हणाल्या. "काल रात्री होती. आज उठलंय तर काय नाय."

मी त्यांच्या पायाशी बसले. मला वाटलं, त्या रडतील. त्यांनी चहा फुंकून एक घोट घेतला.

"आता तो रडलो तरी माका कळूचा नाय," त्या म्हणाल्या. "आवाज करणा नाय ना तो." मग त्यांनी माझं डोकं शोधलं, केसांवरून हात फिरवला. "आता तू बघ तेका."

त्या संध्याकाळी सगुण नेहमीप्रमाणं खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि दारात जाऊन उभी राहिले.